खांद्याची फाटलेली कंडरा : निदानाची निकड आणि परतीचा धीर

कोल्हापूर हे मल्लविद्येचे माहेरघर म्हणून महाराष्ट्रभर ओळखले जाते. राजर्षी शाहू महाराज स्वतः कुस्तीचे मर्मज्ञ होते. त्यांच्या प्रेरणेने १९१२ मध्ये खासबागेचे कुस्तीमैदान उभे राहिले, आणि त्यांच्याच दूरदृष्टीतून १९०१ पासून या नगरीत निरनिराळ्या समाजांतील मुलांसाठी वसतिगृहे निघाली. शरीर कमावणे आणि ज्ञान कमावणे या दोन्ही गोष्टी एकाच छपराखाली नांदू शकतात, हा विचार या मातीला तेव्हापासून परिचयाचा आहे. कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजात शिकलेल्या खाशाबा जाधवांनी १९५२ मध्ये हेलसिंकी येथे कुस्तीत कांस्यपदक मिळवून स्वतंत्र भारताला पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक मिळवून दिले, तेही याच परंपरेचे फळ होय.

गडमुडशिंगी व भोवतालच्या गावांतील मुलांचे आयुष्यही या परंपरेपासून दूर नाही. पहाटे तालमीत जोर मारणारा, संध्याकाळी कबड्डीच्या मैदानावर उतरणारा, पोलीस भरतीसाठी गोळाफेकीचा सराव करणारा, सैन्यभरतीसाठी बीमला लोंबकळून हात घडवणारा तरुण येथे घरोघरी आढळतो. त्यांच्यापैकी पुष्कळांसाठी खेळ हा केवळ छंद नसतो, तर नोकरीचा दरवाजा असतो. ज्याला भरती साधत नाही तो गोकुळ शिरगावच्या कारखान्यात किंवा उसाच्या फडात जातो, आणि तेथेही त्याची पुंजी म्हणजे त्याचे दोन हातच असतात. म्हणून या तरुणांच्या खांद्याला होणारी इजा ही एका सामन्याची हानी नसून कधीकधी साऱ्या कुटुंबाच्या भवितव्याचा प्रश्न ठरते.

गुडघा दुखावला तर मनुष्य लंगडतो, हाड मोडले तर प्लास्टर दिसते. खांद्यात फाटलेली कंडरा मात्र सदऱ्याखाली लपून राहते. ती लपते म्हणूनच तिच्याविषयी दोन मोठ्या चुका समाजात रूढ झाल्या आहेत. पहिली, दुखापत झाल्यावर तज्ज्ञाकडे जाण्यास महिनोन् महिने विलंब करणे. आणि दुसरी, शस्त्रक्रिया झाल्यावर मैदानावर परतण्याची विलक्षण घाई करणे. वास्तविक जेथे निकड हवी तेथे आपण धीर धरतो, आणि जेथे धीर हवा तेथे घाई करतो. हा क्रम उलटा व्हावा, एवढाच या लेखाचा हेतू आहे.

खांद्याची रचना

स्नायूला हाडाशी जोडणारा जो चिवट, पांढरा दोर असतो त्यास शास्त्रीय मराठीत कंडरा म्हणतात. शालेय पुस्तकांत तिला स्नायुरज्जू असे नाव आहे, तर रोजच्या बोलण्यात आपण तिला नुसते ‘शीर’ म्हणतो. स्नायू आकुंचन पावतो तेव्हा त्याचे बळ या कंडरेमार्फत हाडापर्यंत पोहोचते. कंडरा तुटली की स्नायू शाबूत असूनही हाड हलत नाही. दोर तुटलेल्या मोटेसारखी त्याची अवस्था होते.

मानवी शरीरात सर्वांत मोकळा फिरणारा सांधा खांद्याचा होय. खुब्याचा सांधा उखळासारखा खोल असतो, त्यामुळे मांडीच्या हाडाचा गोळा त्यात पक्का बसतो. खांद्याची वाटी मात्र बशीसारखी उथळ असते आणि तिच्यावर दंडाच्या हाडाचा मोठा गोळा टेकलेला असतो. या उथळपणामुळेच आपण हात वर, मागे, सभोवार फिरवू शकतो. परंतु या स्वातंत्र्याची किंमत अस्थैर्याच्या रूपाने मोजावी लागते. मांडवाचा खांब जसा चारी बाजूंच्या ताणलेल्या दोरांवर उभा राहतो, तसा हा गोळा चार स्नायूंच्या कंडरांनी वाटीत धरून ठेवलेला असतो. सुप्रास्पायनेटस, इन्फ्रास्पायनेटस, टेरेस मायनर आणि सबस्कॅप्युलॅरिस ही त्या स्नायूंची नावे. त्यांच्या कंडरा एकमेकींत मिसळून गोळ्याभोवती जे आवरण तयार होते, त्यास ‘रोटेटर कफ’ म्हणतात.

खांद्यावर बाहेरून जो फुगीर स्नायू दिसतो तो डेल्टॉइड. हात उचलण्याचा मोठा जोर तो लावतो. परंतु तो एकटाच ओढू लागला तर गोळा वाटीतून वर सरकेल. डेल्टॉइड हा जोर लावणारा बैल मानला, तर रोटेटर कफ म्हणजे कासरा धरणारा हात होय. व्यायामशाळेत आरशापुढे उभे राहून आपण बैल धष्टपुष्ट करतो, आणि कासरा धरणाऱ्या हाताकडे बहुधा दुर्लक्ष करतो. खांद्याच्या पुष्कळ दुखापतींचे मूळ या असमतोलात असते.

कंडरा फाटते कशी?

कंडरा फाटण्याचे दोन मार्ग आहेत. एक आकस्मिक, दुसरा झिजेचा. कुस्तीत हात अडकलेल्या स्थितीत प्रतिस्पर्ध्याचा भार अंगावर येणे, कबड्डीत धडक बसून पसरलेल्या हातावर पडणे, मल्लखांबावरून निसटणे, अशा प्रसंगी एका क्षणात कंडरा हाडापासून सुटू शकते. धोबीपछाडीसारख्या डावात प्रतिस्पर्ध्याचे सारे वजन आपल्या खांद्यावरून फिरते. डाव चुकला की तेच वजन खांद्यावर उलटते. हात बाहेरच्या दिशेला जोराने पिरगळला गेला तर पुढच्या बाजूची सबस्कॅप्युलॅरिस कंडरा धोक्यात येते. सांधा निखळण्याबरोबरही कंडरा फाटू शकते, आणि चाळिशी ओलांडलेल्या व्यक्तीचा खांदा निखळला असेल तर ही शक्यता विशेषच ध्यानात ठेवावी लागते.

दुसरा मार्ग संथ आहे. वेगवान गोलंदाज, भालाफेकपटू, व्हॉलीबॉलपटू, बॅडमिंटनपटू आणि जलतरणपटू यांचा हात डोक्याच्या वर हजारो वेळा फिरतो. प्रत्येक वेळी कंडरेचे काही सूक्ष्म तंतू ताणले जातात. विश्रांती मिळाली तर शरीर त्यांची डागडुजी करते. न मिळाल्यास झीज साचत जाते. सुप्रास्पायनेटसची कंडरा हाडाला मिळते त्या भागाजवळ रक्तपुरवठा बेताचा असतो, त्यामुळे तेथील डागडुजीही मंद असते. रोटेटर कफमध्ये सर्वाधिक फाटणारी कंडरा तीच होय. तरुण खेळाडूंत बहुधा ती अर्धवट फाटलेली आढळते. संपूर्ण फाट प्रौढ वयात किंवा मोठ्या आघातानंतर अधिक दिसते.

याखेरीज दोन कंडरांचा उल्लेख आवश्यक आहे. छातीच्या मोठ्या स्नायूची, म्हणजे पेक्टोरॅलिस मेजरची कंडरा बेंच प्रेस करताना वजन छातीकडे खाली येत असता फाटण्याचे प्रसंग गावोगावी व्यायामशाळा झाल्यापासून अपरिचित राहिलेले नाहीत. झटपट शरीर फुगवण्यासाठी ॲनाबॉलिक स्टिरॉइड घेणाऱ्यांना हा धोका अधिक, कारण स्नायू ज्या वेगाने वाढतो त्या वेगाने कंडरा बळकट होत नाही. दुसरी कंडरा दंडातील बायसेप्सच्या लांब मुळाची. ती तुटल्यास स्नायू गोळा होऊन दंडाच्या खालच्या भागात फुगवटा येतो.

या संदर्भात विनयपिटकातील सोण कोळिविसाची कथा आठवते. राजगृहाच्या शीतवनात चंक्रमण करता करता सोणाच्या पावलांतून रक्त वाहू लागले, तरी त्याच्या चित्ताला शांती लाभेना. तथागतांनी त्याला त्याच्या पूर्वायुष्यातील वीणावादनाची आठवण करून दिली. तारा फार ताणल्या तर सूर लागत नाही, फार सैल सोडल्या तरीही लागत नाही. मध्यम ताणावरच वीणा बोलते. भगवंतांचा उपदेश साधनेविषयी होता. परंतु कंडरा ही शरीराची तारच आहे, आणि सरावाचे नियोजन करणाऱ्या प्रत्येक प्रशिक्षकाने ही उपमा मनावर कोरून ठेवावी अशी आहे.

धोक्याची चिन्हे

आघाताच्या वेळी खांद्यात काहीतरी तुटल्याचा आवाज किंवा जाणीव होणे. त्यानंतर हात बाजूने वर उचलता न येणे. दुसऱ्याने हात वर धरून सोडला असता तो आपोआप खाली पडणे. पाठीमागे नेलेला हात पाठीपासून दूर करता न येणे. रात्री त्या कुशीवर झोपता न येणे. छातीवर किंवा दंडावर मोठा काळानिळा डाग पडणे अथवा काखेपुढची कड नाहीशी होणे, ही सर्व चिन्हे गंभीर आहेत. यांपैकी एखादे जरी आढळले तरी अस्थिरोगतज्ज्ञाकडे त्याच आठवड्यात जावे.

तोपर्यंत हात झोळीत ठेवावा, कापडात गुंडाळलेला बर्फ थोडा थोडा वेळ लावावा आणि खेळ पूर्ण बंद ठेवावा. जोराचे मालिश करू नये. निखळलेला खांदा मैदानावरच ओढून बसवण्याचा प्रयत्न करू नये, कारण त्या ओढाताणीत मज्जातंतू, रक्तवाहिनी किंवा हाडाला इजा होऊ शकते. तालमीतील वस्तादांचा आणि गावातील हाडवैद्यांचा अनुभव अनेक बाबतींत आदरणीय आहे. परंतु हाडापासून सुटलेली कंडरा बोटांना दिसत नाही आणि तेलाने चिकटत नाही, हे सत्य नम्रपणे स्वीकारावे लागते.

तज्ज्ञ प्रथम दुखापतीची हकिकत विचारतो, हाताच्या निरनिराळ्या हालचाली करून पाहतो, आणि मग क्ष-किरण छायाचित्र घेतो. क्ष-किरणात हाड दिसते, कंडरा दिसत नाही. म्हणून ‘फोटो नॉर्मल आहे’ एवढ्यावर समाधान मानून परतणे धोक्याचे असते. कंडरा पाहण्यासाठी सोनोग्राफी किंवा एमआरआय तपासणी करावी लागते.

शस्त्रक्रिया कोणाला, केव्हा?

प्रत्येक फाटीला शस्त्रक्रिया लागत नाही, हे येथे स्पष्टपणे सांगितले पाहिजे. अर्धवट फाट, सूज व झीज यांवर बहुतेक वेळा विश्रांती, फिजिओथेरपी आणि सरावातील दुरुस्ती यांनी गुण येतो. असे उपचार काही महिने निष्ठेने करून पाहावे लागतात. उतारवयात तर कोणतीही तक्रार नसलेल्या अनेक व्यक्तींच्या तपासणीतही फाटी आढळतात. केवळ एमआरआयचा कागद पाहून शस्त्रक्रिया ठरत नाही. कागद, तक्रार आणि हाताची शक्ती या तिन्हींचा मेळ बसावा लागतो.

मात्र तरुण, धडधाकट खेळाडूची कंडरा आघाताने पूर्ण फाटली असेल, तर विलंब परवडत नाही. हाडापासून सुटलेली कंडरा रबरासारखी आत ओढली जाते. काम नसलेला स्नायू रोडावतो आणि त्याच्या तंतूंच्या जागी हळूहळू चरबी शिरते. ही चरबी पुढे कंडरा उत्तम शिवली तरी पूर्णपणे नाहीशी होत नाही. पहिल्या काही आठवड्यांत जी कंडरा सहज आपल्या जागी येते, तीच वर्षभरानंतर ओढूनही येत नाही. छातीच्या कंडरेविषयीही हेच खरे आहे. ‘भरती होऊ दे, मग बघू’ असे म्हणत वेदनाशामक गोळ्यांवर गोळा फेकत राहणारा तरुण पुष्कळदा भरती आणि खांदा दोन्ही गमावून बसतो, याचे कारण या शरीरधर्मात आहे. खांद्यात पुन्हा पुन्हा स्टिरॉइडचे इंजेक्शन घेऊन खेळणे तर अधिकच घातक, कारण त्याने वेदना दबते पण कंडरा कमकुवत होत जाते.

शस्त्रक्रियेची वाटचाल

अमेरिकेतील बोस्टनचे शल्यविशारद अर्नेस्ट कॉडमन यांनी १९०९ मध्ये फाटलेली सुप्रास्पायनेटस कंडरा शिवली आणि १९११ मध्ये त्याचा वृत्तान्त प्रसिद्ध केला. खांद्यावरील त्यांचा बृहद्ग्रंथ १९३४ मध्ये निघाला. त्यांचे आणखी एक कार्य मोलाचे आहे. शस्त्रक्रिया झालेल्या प्रत्येक रुग्णाला पुढे दीर्घकाळ बोलावून, त्याला खरोखर गुण आला की नाही याची नोंद प्रत्येक रुग्णालयाने ठेवलीच पाहिजे, असा आग्रह त्यांनी धरला. समव्यावसायिकांना तो रुचला नाही आणि त्यांना विरोध सोसावा लागला. आज मात्र तोच विचार सर्वमान्य झाला आहे. ‘या आणि स्वतः पारखून पाहा’ असे सांगणाऱ्या धम्माच्या अनुयायांना कॉडमन यांचा हा आग्रह आपलासा वाटेल.

दुसरा टप्पा आशियातला. टोकियोचे केंजी ताकागी यांनी १९१८ मध्ये मृतदेहाच्या गुडघ्यात दुर्बीण घालून सांध्याचे अंतरंग पाहिले. त्यांचे शिष्य मासाकी वातानाबे यांनी हे साधन सुधारून प्रत्यक्ष वापरायोग्य केले. सुरुवातीला गुडघ्यापुरते असलेले हे तंत्र विसाव्या शतकाच्या अखेरच्या दशकांत खांद्याच्या शस्त्रक्रियेत रुळले. पूर्वी खांदा मोठी चीर देऊन, डेल्टॉइड बाजूला करून उघडावा लागे. आता रोटेटर कफची बहुतेक शस्त्रक्रिया सुमारे एक सेंटिमीटरच्या तीनचार छिद्रांतून होते.

शस्त्रक्रियागृहात काय घडते?

रुग्णाला पूर्ण भूल दिली जाते आणि बहुधा मानेजवळ मज्जातंतू बधिर करणारे इंजेक्शनही देतात. त्यामुळे पहिल्या काही तासांतील वेदना सुसह्य होते. रुग्णाला आरामखुर्चीत बसल्यासारख्या स्थितीत किंवा कुशीवर ठेवतात. एका छिद्रातून पेन्सिलीहून बारीक दुर्बीण आत जाते आणि सांध्याचे चित्र पडद्यावर दिसू लागते. क्षारयुक्त निर्जंतुक पाणी सोडून आतली जागा फुगवली व स्वच्छ ठेवली जाते.

प्रथम संपूर्ण सांध्याची पाहणी होते. कंडरेचे कुजके, चिंध्या झालेले तंतू काढून टाकतात आणि आत ओढली गेलेली कंडरा चिकटलेल्या भागांपासून मोकळी करतात. दंडाच्या हाडावर जेथे ती मूळची बसलेली होती, तो पृष्ठभाग किंचित खरवडतात, म्हणजे तेथून रक्त व पेशी येऊन जोड धरण्यास मदत होते. त्यानंतर हाडात ‘सूचर अँकर’ नावाच्या छोट्या खुंट्या बसवतात. त्या टायटॅनियमच्या, विशिष्ट प्लॅस्टिकच्या किंवा शरीरात हळूहळू विरघळणाऱ्या पदार्थाच्या असतात. प्रत्येक खुंटीला मजबूत धागे असतात. ते कंडरेतून ओवून, ताणून, गाठी मारून कंडरा पुन्हा हाडावर दाबून बसवतात. फाट मोठी असल्यास खुंट्यांच्या दोन रांगा घालतात, म्हणजे कंडरेचा अधिक भाग हाडाला टेकतो. साधारणतः एक ते दोन तासांत हे काम आटोपते.

छातीच्या स्नायूची कंडरा मात्र सहसा दुर्बिणीऐवजी लहान चीर देऊन दंडाच्या हाडाला पुन्हा जोडतात. बायसेप्सचे लांब मूळ तुटल्यास वृद्धांना बहुधा शस्त्रक्रियेची गरज भासत नाही. खेळाडूंना आणि अंगमेहनतीची कामे करणाऱ्यांना मात्र ते हाडाशी नव्या जागी बांधून देण्याचा सल्ला दिला जाऊ शकतो.

जंतुसंसर्ग, सांधा आखडणे, मज्जातंतूला इजा, भुलीचे दुष्परिणाम आणि कंडरा पुन्हा फाटणे हे या शस्त्रक्रियेचे संभाव्य धोके होत. ते समजावून घेऊन, शंका विचारूनच संमतिपत्रावर सही करावी. धूम्रपानाने जोड धरण्याची क्रिया मंदावते, म्हणून बिडी-सिगारेट आणि एकूणच तंबाखू सोडणे हा उपचाराचाच भाग समजावा. मधुमेह असल्यास रक्तातील साखर आधी ताब्यात आणावी.

जीवकाची युक्ती

शस्त्रक्रिया संपते तेथे उपचार संपत नाही. खरे पाहता तेथे तो सुरू होतो. धाग्यांनी कंडरा हाडावर केवळ टेकवून ठेवलेली असते. ती हाडाशी एकजीव करण्याचे काम शरीर करते, आणि शरीर आपल्या गतीने चालते. आधी सूज येते, मग नवे तंतू विणले जातात, आणि पुढे महिनोन् महिने ते तंतू ताणाच्या दिशेने रचले जाऊन बळकट होतात. निसर्गाने कंडरा आणि हाड यांच्या दरम्यान जी क्रमाक्रमाने कठीण होत जाणारी सांधणी केलेली असते, ती जशीच्या तशी पुन्हा निर्माण होत नाही. तिची जागा व्रणाची ऊती घेते. म्हणून पहिल्या काही महिन्यांत हा जोड नाजूक असतो आणि पुन्हा फाटण्याचा धोकाही तेव्हाच सर्वाधिक असतो. फसवी गोष्ट अशी की, वेदना मात्र त्याआधीच कमी झालेली असते. दुखत नाही म्हणजे जुळले, असा समज करून घेणे हीच सर्वांत महाग पडणारी चूक होय.

तथागतांचे वैद्य जीवक कोमारभच्च यांची महावग्गातील एक कथा येथे अत्यंत उद्बोधक ठरते. राजगृहातील एका श्रेष्ठीला सात वर्षे मस्तकाचा असाध्य विकार होता. शस्त्रक्रियेपूर्वी जीवकाने त्याला विचारले, एका कुशीवर सात महिने, दुसऱ्या कुशीवर सात महिने आणि उताणे सात महिने पडून राहशील काय? श्रेष्ठीने होकार दिला. जीवकाने मस्तक उघडून विकार दूर केला, त्वचा शिवली आणि लेप लावला. परंतु सात दिवस होताच श्रेष्ठी एका कुशीला कंटाळला, पुढच्या सात दिवसांत दुसऱ्या कुशीला, आणि त्यापुढच्या सात दिवसांत उताणे पडण्यालाही. एकवीस दिवसांनी जीवकाने त्याला उठण्यास सांगितले. तो बरा झाला होता. जीवक म्हणाला, हे एकवीस दिवसांत साधेल हे मला ठाऊक होते. पण महिने सांगितले नसते तर तू इतके दिवसही पडून राहिला नसतास.

शस्त्राच्या कौशल्याइतकीच रुग्णाच्या मनाची पारख जीवकाला होती. आजच्या शल्यविशारदाला अशी युक्ती करता येत नाही. त्याने सांगितलेले सहा आठवडे हे खरोखरच सहा आठवडे असतात. रुग्णाने त्यांची घासाघीस करून सहा दिवस करू नयेत.

परतीच्या पायऱ्या

साधारण क्रम पुढीलप्रमाणे असतो. फाटीचा आकार व कंडरेची स्थिती पाहून डॉक्टर त्यात बदल करतात.

पहिले चार ते सहा आठवडे हात विशिष्ट झोळीत राहतो. या काळात बोटे, मनगट व कोपर हलवायचे असते. खांदा फिजिओथेरपिस्टच्या मदतीने, स्वतःचा जोर न लावता आणि सांगितला असेल तेवढाच हलवायचा असतो.

सहाव्या ते बाराव्या आठवड्यात स्वतःच्या जोराने हात उचलण्यास हळूहळू सुरुवात होते. या टप्प्यात वजन उचलणे, ओढणे, ढकलणे वर्ज्य. घरातील पाण्याची घागर आणि गॅसची टाकीही यात येते, हे घरच्यांनी लक्षात ठेवावे.

साधारण तीन महिन्यांनंतर रबरी पट्टे व हलकी वजने यांनी शक्तिवर्धन सुरू होते. केवळ खांद्याचेच नव्हे, तर पाठीवरील फऱ्याच्या हाडाभोवतीचे, कमरेचे व पायांचे स्नायूही घडवावे लागतात, कारण फेकीचे बळ जमिनीतून वर चढत येते.

चार-पाच महिन्यांनंतर, डॉक्टरांच्या परवानगीने, हलकी फेक व साधा सराव. झटापटीचे आणि डोक्यावरून हात फिरवण्याचे खेळ साधारणपणे सहा ते नऊ महिन्यांनी, प्रसंगी वर्षानेच सुरू करता येतात. वेदना नसणे, दोन्ही खांद्यांची हालचाल व शक्ती जवळपास समान असणे आणि खेळाडूचा आत्मविश्वास परतणे या कसोट्या आहेत. दिनदर्शिका ही एकमेव कसोटी नव्हे.

प्रत्येक खेळाडू पूर्वीच्याच उंचीवर पोहोचतो असे वचन देता येत नाही. विशेषतः फेकीच्या खेळांत पूर्वीचा वेग परत मिळवणे कठीण जाते. तरीही धीर धरणाऱ्यांची उदाहरणे आपल्यासमोर आहेत. खांद्याच्या सर्वच शस्त्रक्रिया सारख्या नसतात. परंतु परतीची वाट सर्वांना सारखीच चालावी लागते. अनिल कुंबळे यांच्या खांद्यावर २००१ च्या प्रारंभी दक्षिण आफ्रिकेत शस्त्रक्रिया झाली. ऑस्ट्रेलियाविरुद्धची ऐतिहासिक मालिका त्यांना बाहेर बसून पाहावी लागली. कसोटीतील आपला तीनशेवा बळी त्यांनी त्याच वर्षी डिसेंबरमध्ये घेतला, आणि कारकीर्द संपवली ती ६१९ बळींवर. म्हणजे निम्म्याहून अधिक बळी शस्त्रक्रिया झालेल्या खांद्याने मिळवले. आपल्या महाराष्ट्राचे सचिन तेंडुलकर यांच्या उजव्या खांद्यावर मार्च २००६ मध्ये लंडन येथे शस्त्रक्रिया झाली. ते सुमारे सहा महिन्यांनी, सप्टेंबरमध्ये क्वालालंपूर येथे परतले आणि वेस्ट इंडीजविरुद्ध नाबाद १४१ धावा काढल्या. एकदिवसीय सामन्यातील त्यांचे द्विशतक त्यानंतरचे, २०१० मधील आहे. या दोघांच्या यशामागे जे मधले महिने आहेत, त्यांची छायाचित्रे कोणत्याही वर्तमानपत्राने छापली नाहीत. आपल्या मुलांना सांगायचे ते त्या महिन्यांविषयी.

आपले कर्तव्य

पालकांनी एवढे करावे : मूल खांदा दुखतो म्हणाले तर त्याला भित्रा ठरवू नये, आणि शस्त्रक्रियेनंतर ‘आता बरा दिसतोस की’ म्हणून कामाला जुंपू नये. खर्चाच्या भीतीने निदान टाळू नये. महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजनेशी संलग्न रुग्णालयात आरोग्यमित्र नेमलेले असतात. कोणता उपचार योजनेत बसतो हे त्यांच्याकडून आधीच विचारून घ्यावे. कोल्हापूरच्या छत्रपती प्रमिलाराजे रुग्णालयासारखी शासकीय रुग्णालयेही आपल्या आवाक्यात आहेत.

प्रशिक्षकांनी आणि शाळांनी तीन नियम पाळावेत. प्रत्येक दुखापतीची तारखेसह नोंदवही ठेवावी. डॉक्टरांच्या लेखी परवानगीविना कोणत्याही जखमी खेळाडूला मैदानावर उतरवू नये. आणि सरावापूर्वीची दहा-पंधरा मिनिटे अंग मोकळे करणे व रोटेटर कफचे हलके व्यायाम यांसाठी राखून ठेवावीत.

माजी विद्यार्थ्यांचे उत्तरदायित्व याहून थोडे मोठे आहे. जे परिचारक, फिजिओथेरपिस्ट, डॉक्टर, पोलीस वा सैनिक झाले आहेत, त्यांचा शब्द वसतिगृहातील मुले वडीलधाऱ्यांपेक्षाही अधिक मानतात. वर्षातून एक दिवस जरी त्यांनी मैदानावर येऊन खांदे तपासले आणि चार गोष्टी सांगितल्या, तरी एखाद्या मुलाची लपलेली दुखापत वेळेत उघड होईल. आजारी भिक्षूची शुश्रूषा तथागतांनी स्वतःच्या हातांनी केली आणि रुग्णसेवा हीच आपली सेवा मानावी असे संघाला सांगितले. झोळीत हात अडकलेल्या मुलाला सहा आठवडे अंघोळीला, जेवणाला, वही लिहायला जो सहाध्यायी मदत करतो, तो याच शिकवणुकीचे आचरण करीत असतो. शल्यविशारद कंडरा दोन तासांत शिवतो. ती जुळून येईपर्यंतचे महिने मात्र आपण सर्वांनी मिळून सांभाळायचे असतात.